श्वासापुरता गजर

या बाप्पा, असे जवळ सरकून बसा. समुद्रपूरच्या लहानूजींची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण मधून उठू नका.

लहानूजी कीर्तनातले जुने टाळकरी. महाराज दम खायला थांबले की मागून गजर उचलायचा, हे त्यांच्या गळ्यालाच ठाऊक. डोक्याला विचारावं लागत नसे. ते न्यूझीलंडला मुलाकडे, पियुषकडे गेले. त्याच्या ऑफिसातली मंडळी माओरींच्या, म्हणजे त्या भूमीतल्या मूळच्या लोकांच्या सभागृहात पाहुणी म्हणून जाणार होती, लहानूजीही सोबत.

"बाबा, तिथं त्यायचा म्हातारा भाषण करते. मंग पाहुण्यायले गानं म्हनावं लागते, ते आमी बसवलं हाये. तुमी चूप बसजा. माह्यी नोकरी नवी हाये."

"मी काऊन बोलू? मले त्यायची भाषा येते काय?"

सभागृहाबाहेर चपला काढल्या, तिथंच लहानूजींना देवळात आल्यासारखं वाटलं. आत खांबाखांबावर पूर्वज कोरलेले. म्हातारा काठी घेऊन उठला आणि येरझारा घालत चढ्या आवाजात एकेक नाव घेऊ लागला. थेट महाराजांचीच ढब. लहानूजींची मान डोलू लागली. म्हातारा श्वास घ्यायला थांबला.

"विठोबा रखुमाई," लहानूजींनी उचललं.

पियुषनं त्यांचा गुडघा दाबला. लहानूजींना वाटलं, पोरगा ताल देऊन राह्यला. पुढच्या थांब्याला त्यांनी आणखी सुरात उचललं. ऑफिसातल्या गोऱ्या मंडळींना वाटलं, इथली रीतच असावी. तीही म्हणू लागली. पियुषचा साहेब तर टाळ्यांचा ताल धरून बसला.

म्हातारा काठी टेकत लहानूजींसमोर आला आणि इंग्रजीत हळूच काही बोलला. पियुषचा चेहरा उतरला.

"काय म्हन्ते?"

"म्हन्ते, आमी आमच्या गेलेल्या मानसायले हाका मारून राह्यलो. मधात कोनी बोलत नाई. तुमी कोनाले हाक मारून राह्यले?"

लहानूजींना वाटलं, पोराची नोकरी आपल्या गळ्यानं घालवली. त्यांनी हात जोडले. "चुकलं म्हना. आमच्याकडं बोलनाऱ्याले दम घेताना एकटं सोडत नाई."

पियुषनं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. मग त्यानं तिथल्या भेटीच्या रीतीनं लहानूजींच्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, आता तुमच्या माणसाचं नाव घ्या. आम्ही सोबत करतो.

"गोपिका," लहानूजी म्हणाले. पियुषची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पुढं त्यांना बोलवेना.

त्या थांब्याला पियुषनंच उचललं, "विठोबा रखुमाई." मागून अख्खं सभागृह.

बसवलेलं गाणं राहूनच गेलं. तर बाप्पा, कुठं कीर्तनाला बसाल तेव्हा आमच्या गोपिकाबाईची तेवढी आठवण करजा.