पाटीवर लिहायचं काय

मालिशवाल्या ताईंच्या दुकानाची पाटी निरीक्षकाने तिसऱ्यांदा नामंजूर केली, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्या त्यांच्या दिराने ब्रश डब्यात आपटला. ताईंनी जुन्या मालकिणीला चार शब्द सुनावून नोकरी सोडली होती, त्यामुळे परत जायला तोंड नव्हतं. मालिशची सरकारी परीक्षा झाली होती, परवानाही हातात होता. पण पाटी मंजूर झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा नियम होता.

निरीक्षकाला सगळे नियम पाठ होते आणि अक्कल वापरावी असा नियम त्यांत नव्हता. पहिल्या पाटीवर ‘मानदुखी, पाठदुखीपासून सुटका’ असं होतं.

“सुटका म्हणजे उपचार. तुम्ही डॉक्टर आहात का, बाई?”

दुसरीवर ‘अंग हलकं होईल’ होतं.

“आणि नाही झालं तर? ही हमी झाली.”

तिसरीवर नुसतं ‘मालिश’ होतं.

“यातून लोक भलतंच समजतात,” निरीक्षक खाली बघत म्हणाला.

“कोण लोक?”

“आमच्या खात्यात समजतात.”

“मग लिहू तरी काय, साहेब?”

“परवाना क्रमांक सक्तीचा आहे. ठळक हवा. बाकी तुमची मर्जी.”

दिराने मग पाटीवर हातभर अक्षरांत ‘परवाना’ लिहिलं, खाली आकडा घातला आणि थांबला. निरीक्षकाने टेप लावून अक्षरं मोजली, खूश होऊन सही ठोकली. असल्या माणसाची खरं तर कीव यायला हवी. ताईंना नुसता संताप आला.

दुकान उघडलं आणि दारात रांग लागली. त्यात मालिशला आलेलं कुणीच नव्हतं. एकाला टेम्पोचा परवाना हवा होता, एकीला खानावळीचा, एका आजोबांना कुत्र्याचा.

“आजोबा, इथे परवाने मिळत नाहीत.”

“साहेब जेवायला गेलेत ना? थांबतो मी,” आजोबा बाकावर टेकले. “तिकडच्या ऑफिसातही असंच सांगतात.”

तिकडच्या बुटक्या खिडकीत वाकून वाकून त्यांची मान आखडली होती. ताईंना ते बघवेना. त्यांनी आजोबांना आत घेतलं. बाहेर आले ते मान दोन्हीकडे फिरवतच.

“परवाना नाही दिला,” त्यांनी रांगेला सांगितलं, “पण हे ऑफिस चांगलंय.”

मग रांगेतलं कुणी हललं नाही. आठवडाभरात खात्याच्या खिडकीपुढे शुकशुकाट झाला आणि निरीक्षक तणतणत आला.

“सरकारी कार्यालय असल्याचं भासवताय तुम्ही. आत काय चालतं ते स्पष्ट लिहा. नवी पाटी मंजूर होईपर्यंत कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही.”

“वहिनी, मी नाही लिहिणार आता,” दीर म्हणाला.

“नका लिहू, भावोजी.” ताईंनी त्याच्या हातातला ब्रश घेऊन निरीक्षकापुढे धरला. “नियमात बसेल असं तुम्हीच लिहा, साहेब.”

रांगेतले सगळे बघत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. निरीक्षक स्टुलावर चढला. दारावरच्या पाटीवर, आकड्याखाली एक अक्षर लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, पुसलं. मान वर करून तो विचार करत राहिला. दुपार गेली, ऊन उतरलं, आणि खाली बघायला गेला तर मान हलेना.

“ताई,” तो पहिल्यांदाच ताई म्हणाला, “जरा मान बघता का?”

“बघितली असती. पण हात लावायला बंदी आहे ना, पाटी मंजूर होईपर्यंत.”

निरीक्षकाने ब्रश रंगात बुडवला आणि वाकड्या मानेने एका दमात लिहिलं, ‘मानदुखी, पाठदुखीपासून सुटका’. मग खिशातलं पेन काढून कोपऱ्यात सहीही केली.