समोरच्या गॅलरीत आप्पा

गाव सोडायच्या आदल्या दिवशी शंकरप्पांनी चावडीसमोर बसलेल्या मंडळींना सांगून टाकलं, "शहर म्हंजे काय वाघ हाय व्हय? महिन्याभरात बघा, कोल्लापूर आपल्या मुठीत असतंय." शिरोळ भागात आयुष्यभर ऊस पिकवलेला, पुराच्या पाण्यातनं ट्रॅक्टर काढलेला माणूस. त्याला फ्लॅटची काय भीती?

त्यांच्या मुलानं, सोमशेखरनं, मंगळवार पेठेच्या मागं नव्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. शेती धाकट्या भावाच्या स्वाधीन करून शंकरप्पा आणि चन्नम्मा तिथं राहायला आले. आणि खरं सांगायचं तर शंकरप्पांना पहिल्याच दिवशी सगळं पसंत पडलं. शॉवरखाली ते इतका वेळ उभे राहिले की चन्नम्मांनी दार वाजवून, "हाईसा न्हवं आत?" असं विचारून घेतलं. दारावरच्या बेलचं तर त्यांना वेडच लागलं. मुद्दाम बाहेर जायचं, बेल दाबायची, चन्नम्मा पदराला हात पुसत येऊन दार उघडायच्या, आणि हे म्हणायचे, "काय न्हाय, सहज." सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि खाली भाजीवाल्याशी चाललेली बायकांची घासाघीस वरनं ऐकायची, हे सुख तर गावात कुणाला सांगून पटलं नसतं.

एकच गोष्ट सलत होती. इथं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. गावाकडं त्यांच्या शब्दाशिवाय भिंतीत साधी खुंटी ठोकली जात नसे. इथं सोमशेखर आणि सूनबाई दानेश्वरी कपाट कुठं, दिवाण कुठं यावर आपापसात कुजबुजायची, आणि आप्पा जवळ गेले की म्हणायची, "आप्पा, तुम्ही निवांत बसा." शॉवर, बेल, गॅलरी सगळं गोड, पण त्या 'निवांत'नं तोंड कडू व्हायचं.

एका रविवारी दुपारी दोघं पडदे आणायला लक्ष्मीपुरीत गेली. जाताना सोमशेखर म्हणाला, "आप्पा, सुतार येईल. त्याला बसवून ठेवा. पण काही लावायला सांगू नका, आम्ही आल्यावर बघू."

चन्नम्मांचा डोळा लागला, तसे शंकरप्पा खाली उतरले. इतकं पाणी वर चढतं कसं, हे त्यांना बघायचं होतं. टाकी बघितली, मोटार बघितली, वॉचमनला विहिरीच्या मोटारीबद्दल चार गोष्टी ऐकवल्या, इमारतीला एक फेरी मारली आणि जिना चढून वर आले. तिसऱ्या मजल्यावरचं पहिलं दार सताड उघडं होतं आणि आतनं ठोकाठोकीचा आवाज येत होता.

"सुतार आला जणू," असं म्हणत ते आत शिरले.

त्या अपार्टमेंटला दोन जिने होते. पुढच्या अंगाला ए विंगचा, मागच्या अंगाला बी विंगचा. फरशी एक, कठडा एक, भिंतींचा सायीसारखा रंगही एकच. शंकरप्पा मागचा जिना चढले होते. ज्या घरात ते उभे होते ते शहजाद नावाच्या एका तरुणाचं. तो कालच राहायला आला होता. पण नव्या फ्लॅटमध्ये सगळीकडं सारखीच खोकी, सारखीच गाठोडी. ओळखायचं कशावरनं?

दोन गोष्टींवरनं ओळखता आलं असतं. हॉलमध्ये प्लॅस्टिकसकट नवा सोफा होता आणि स्वयंपाकघराच्या दारातनं लालभडक फ्रिज दिसत होता. शंकरप्पा थबकले. मग त्यांना उलगडा झाला. कुजबूज चालली होती ती याची. पडद्याचं नाव सांगून दोघांनी हे सगळं परस्पर मागवलं होतं. पोरगं कर्तबगार निघालं म्हणून छाती फुगली, आणि बापाला एका शब्दानं बोललं नाही म्हणून तिथंच खुपलंही.

आकाराम सुतार हातोडा खाली ठेवून म्हणाला, "काका, ह्ये कपाट कुठं लावायचं? मालक बाहेर गेल्यात."

किती दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं. शंकरप्पांनी धोतराचा सोगा सावरला. "मालक कशाला पायजेत? मी हाय की."

मग कामाला जोर आला. खिडकीजवळचं कपाट आतल्या भिंतीला गेलं. सोफा तिरका करून त्याचं तोंड दाराकडं केलं, म्हणजे आलेला माणूस बसल्याजागी दिसेल. फ्रिज आकारामच्या मदतीनं ओढत हॉलमध्ये, थेट दाराजवळ आणला. "येवढी भारी वस्तू. सैपाकघरात लपवून काय करायचंय? लोकांना दिसाय नको?"

तेवढ्यात गच्चीवर गाद्यांना ऊन दाखवून शहजादची आई, मदिनाबी, खाली आल्या. बघतात तर सोफ्यावर पांढरंशुभ्र धोतर नेसलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले एक भारदस्त गृहस्थ. शहजाद उद्यमनगरात एका दुकानात कामाला होता आणि त्याचे शेठ आज घर बघायला येणार होते. मदिनाबींनी शेठना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"या शेठ. लवकर आलासा."

शेठ हा शब्द शंकरप्पांना आवडला. शेजारीण रीतभात जाणणारी दिसते, असं त्यांना वाटलं. "या की, बसा. संकोच करू नका, आपलंच घर समजा."

मदिनाबी आपल्याच घरात सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसल्या.

"हितंच ऱ्हाता?"

"व्हय, हितंच. कबनूरास्नं आलोय. कापडाच्या मागाचा धंदा हुता. पोरगं म्हणालं, अम्मी, आता पुरं झालं."

"मग करमतंय?"

"घर झ्याक हाय," मदिनाबी म्हणाल्या. मग आवाज बारीक करून, "पर कोण काय इचारत न्हाय बगा. सून म्हणती, तुमी निवांत बसा."

शंकरप्पा सबंध वळून त्यांच्याकडं तोंड करून बसले. "तुमच्यात बी?"

"तर हो."

"मग आता मी इचारतो. ह्यो फ्रिज हितं कसा दिसतोय?"

फ्रिज हॉलमध्ये आणलेला मदिनाबींना मुळीच पटला नव्हता. पण पोराच्या शेठला कोण बोलणार? "दिसतोय की. लाल हाय, लांबनं डोळ्यात भरतोय." आणि मग जरा धीर करून, "ह्यो सोफा तेवढा गॅलरीकडं सरकवला तर वारं लागंल."

"आकाराम, ऐकलंस न्हवं?" शंकरप्पा म्हणाले, आणि सोफा गॅलरीकडं सरकला.

मदिनाबी चहा करायला उठल्या, तर शंकरप्पांनी त्यांना खाली बसवलं. पावण्यानं चहा करायचा असतो व्हय? ते स्वतः आत गेले. जन्मात फारसा स्वयंपाकघरात न गेलेला माणूस, डबे आपले की परके हे काय ओळखणार? साखर मात्र सापडेना.

"वरच्या फळीवर बगा, निळ्या डब्यात," मदिनाबींनी हॉलमधनं सांगितलं.

साखर निळ्या डब्यात निघाली. शहरातल्या शेजाऱ्यांचं लक्ष फार, असं मनाशी म्हणत शंकरप्पा चहा घेऊन आले. इतक्या ठोकाठोकीत चन्नम्मा आत झोपून कशा राहिल्या याचं त्यांना नवल वाटलं, पण तिची झोप तशीच, म्हणून त्यांनी उठवलं नाही. कपबश्या घेऊन दोघं गॅलरीत आले.

समोरच्या गॅलरीत चन्नम्मा दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांचा हात दोरीवरच राहिला.

"अवो, तितं काय करतायसा?"

शंकरप्पांना पावणीदेखत मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, तू लोकाच्या घरात काय शिरलीयास? घरला ये आदी. आपल्यात पावणी आल्यात."

चन्नम्मांनी दोरीवरचं एक धोतर ओढलं आणि दोन्ही हातांनी पसरून धरलं. "मग ह्ये कुणाचं?"

धोतर शंकरप्पांचं होतं. ट्रॅक्टरला अडकून फाटलेलं आणि चन्नम्मांनीच शिवलेलं. त्यांनी धोतराकडं बघितलं. मग मागं वळून फ्रिजकडं बघितलं. मग हातातल्या कपाकडं बघितलं.

"शेठ, त्या कोण?" मदिनाबींनी विचारलं.

"आमची मंडळी."

"म्हंजे तुमी समोर ऱ्हाता?"

"आता तसंच दिसतंय."

"मग तुमी शहजादचं शेठ न्हवं?"

"कोण शहजाद?"

तो शहजाद नेमका त्याच क्षणी दारात आला. दार पुरतं उघडेना, कारण मागं फ्रिज. तो आणि त्याची बायको तमन्ना अंग चोरून एकेक करून आत आले आणि उभेच राहिले. कपाट भलतीकडं, सोफा भलतीकडं, गॅलरीत एक अनोळखी म्हातारा.

"अम्मी," शहजाद म्हणाला, "हे कुणी केलं?"

शंकरप्पांनी मान खाली घातली. साठी उलटल्यावर परक्याच्या घरात चोरासारखं उभं राहायची वेळ आली होती. आता हा पोरगा आवाज चढवणार, लोक जमणार, सोमशेखरला या इमारतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं.

मदिनाबींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि कप कठड्यावर ठेवला. "मी केलं. माजं बी घर हाय. ह्ये समोरचं पावणं, मदतीला आलतं."

तमन्नानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं फ्रिजकडं बघितलं. मग तो म्हणाला, "बसा की काका. चहा तरी पुरा करा."

शंकरप्पांनी तो चहा कसा संपवला ते त्यांनाच माहीत.

संध्याकाळपर्यंत गोष्ट दोन्ही विंगांत पसरली. सोमशेखर आधी चिडला, मग हसला, आणि रात्री जेवताना बापाचं उतरलेलं तोंड बघून त्याला राहवेना. "आप्पा, आपलं कपाट कुठं लावूया?"

शंकरप्पांनी भाकरी मोडायची थांबवली. "समोर जाऊन बघून या. माझ्या मनासारखं तिथं लावलंय. तसंच लावा."

दानेश्वरी खरंच दुसऱ्या दिवशी समोर गेली. बऱ्याच वेळानं परत आली, तमन्नाशी तिची चांगली गट्टी जमली होती.

"काय सूनबाई, बघितलंस?"

"बघितलं आप्पा." ती जरा घुटमळली. "त्यांनी सगळं परत पहिल्यासारखं केलंय. सोफा मात्र हलवला नाही. गॅलरीकडं फार छान वारं लागतं म्हणे. तेवढं तुमचं खरंच आवडलं त्यांना."

तो सोफा कुणी सरकवायला सांगितला होता, हे सांगायला शंकरप्पांची काही हरकत नव्हती. पण कुणी विचारलंच नाही.