स्थिरता अभियानाची अंमलबजावणी

पथदिवे विभागाचे उपअभियंता अत्यंत कार्यक्षम गृहस्थ होते, हे त्यांच्या रक्तदाबावरूनही सिद्ध झालं होतं. शहरातला एकही दिवा आपल्याला विचारल्याशिवाय लागू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. वायरमन शिडी चढू लागला की यांचा फोन, वर पोहोचला की फोन, आणि फोन घ्यायच्या नादात तो खाली आला तर ‘खाली का आलास’ म्हणून पुन्हा फोन. ऑफिसात त्यांना सगळे भिंगरीसाहेब म्हणत. घरीही तीच तऱ्हा. दूध तापत ठेवलं की ते पातेल्यापाशी उभे राहत. दूध त्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली उतू जाई.

एके दिवशी छातीत कळ आली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “रोज दुपारी फोन बंद करून थोडा वेळ नुसतं बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे, त्यात नेमकं काय काय येतं?”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. “लग्न झाल्यापासून सांगतेय,” ती म्हणाली, “थोडं देवावर सोडा.”

“सोडलं असतं गं. पण मग पाठपुरावा कोण करणार?”

पण कळ खरी होती आणि भीतीही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवण झाल्यावर त्यांनी फोन खणात टाकला आणि ते खुर्चीत बसले. बोटं शिवशिवत होती. “देवा, आता तू बघ,” ते मनात म्हणाले आणि सवयीने त्यांनी पुढे जोडलं, “आणि मला कळव.” देवाकडून काहीच कळवण्यात आलं नाही. हळूहळू त्यांनी वाट बघणंही सोडलं. मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की खिडकीबाहेर एक झाड आहे. ते चांगलं जुनं दिसत होतं, म्हणजे बहुधा आधीपासूनच असावं. त्यांना उगीचच हसू आलं. शिपाई आत डोकावला, साहेब हलत नाहीत असं पाहून घाबरला, आणि हसताहेत असं पाहून जास्तच घाबरला.

इकडे फोन थांबल्यामुळे वायरमन लोकांचे दोन्ही हात मोकळे झाले. दिवे लागू लागले. तक्रार कक्षातल्या बाईंचं अर्धवट राहिलेलं स्वेटर पुरं झालं. तेव्हा मुख्य अभियंत्यांनी भिंगरीसाहेबांना बोलावून दार लावून घेतलं.

“तक्रारी बंद झाल्यात,” ते गंभीरपणे म्हणाले. “तुम्ही काय केलंत?”

“काहीच नाही, साहेब.”

“हळू बोला. आपण काही न करता दिवे लागतात हे वर कळलं, तर आपण कशाला, असं विचारतील. तुमचं हे काही न करणं रीतसर योजनेत बसवायला हवं.”

अशा रीतीने स्थिरता अभियान सुरू झालं आणि भिंगरीसाहेब त्याचे समन्वय अधिकारी झाले. प्रत्येक कर्मचाऱ्याने शांत बसण्याचं मासिक उद्दिष्ट पूर्ण करायचं होतं. शांततेची अचानक तपासणी करायला भरारी पथक नेमलं गेलं. ते दार दणकन उघडून आत येई आणि जो दचकेल त्याला कारणे दाखवा नोटीस देई. ‘श्रद्धा आणि पर्यायी व्यवस्था’ या विषयावर सक्तीचं प्रशिक्षण झालं. उद्दिष्ट हुकू नये म्हणून लोक सुट्टीच्या दिवशीही येऊन जादा बसू लागले. समन्वय अधिकाऱ्यांना मात्र बसायला सवड उरली नाही.

अभियानाचा गौरव करायला मंत्री यायचे होते, त्या दिवशी सगळे वायरमन सभागृहात डोळे मिटून बसले होते. साहजिकच संध्याकाळ झाली तरी रस्त्यावर एकही दिवा लागला नाही. भिंगरीसाहेब हार, ध्वनिक्षेपक आणि खुर्च्या सांभाळत जिना चढत असताना कळ पुन्हा आली. ते कठडा धरून पायरीवर टेकले.

मुख्य अभियंता धावत आले. “बसलात काय? मंत्री अंधारात चौकात अडकलेत. काहीतरी करा.”

“वायरमनना सोडा,” भिंगरीसाहेब म्हणाले. “त्यांचं काम त्यांना येतं.”

“आणि तुम्ही?”

“मी इथेच आहे. उरलेलं देव बघेल.”

हे बोलताना आपला आवाज कापला नाही, याचं त्यांना नवल वाटलं. दुसरा इलाज नव्हता, म्हणून वायरमनना सोडण्यात आलं. थोड्या वेळाने रस्ता उजळत आला. समारंभाला आलेली बायको पाण्याचा पेला घेऊन आली आणि शेजारी टेकली. तिने काही विचारलं नाही, त्यांनीही काही समजावून सांगितलं नाही. त्या दोघांच्या संसारात हे प्रथमच घडत होतं. कळ ओसरली.

अभियानाच्या काळात प्रत्यक्ष स्थिर आढळल्याबद्दल त्यांना समन्वय अधिकारी पदावरून तातडीने हटवण्यात आलं. ती बातमी त्यांनी घरी आनंदाने सांगितली.

आता संध्याकाळी ती दोघं चौकातल्या बाकावर नुसती बसलेली असतात. काल तुम्हीही तिथून गेलात. गाडीची काच खाली करून त्यांच्याकडे पाहिलंत, “असं निवांत बसता आलं पाहिजे,” असं अगदी मनापासून म्हणालात, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न वाजवलात.