तिसरं कडवं आणि सदोबाचे स्पीकर

एका जंगलात, बाळांनो, वाघमहाराजांच्या कृपेने प्रत्येक गुहेत वायफाय आलं होतं. पाणवठ्याचं काम अजून चालू होतं.

त्या जंगलात सदोबा नावाचं अस्वल आणि त्याची बायको अनसूया राहायची. त्यांच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता. अनसूया रोज संध्याकाळी वाळलेली मोहाची फुलं निवडायला बसली की त्यावर एकच गाणं लावायची. गाण्याला तीन कडवी होती. तिसरं कडवं तिची आई टेपच्या बरोबरीने म्हणायची. आई गेल्यापासून ते कडवं आलं की अनसूया फुलं बाजूला ठेवायची, डोळे पुसायची आणि मग पुन्हा कामाला लागायची. एवढंच तिचं सुख होतं, आणि त्याचा कुणाला त्रास नव्हता.

पण सदोबाने इंटरनेटवर वाचलं की जुन्या यंत्रातून आपण गाणं ऐकतच नाही, नुसती गाण्याची सावली ऐकतो. त्या दिवसापासून त्याला मध गोड लागेना.

तो कोल्होबाच्या दुकानात गेला. कोल्होबाने टेपरेकॉर्डर बदल्यात ठेवून घेतला आणि एक ॲम्प्लिफायर, इंटरनेटवरून गाणी ओढून आणणारा एक स्ट्रीमर आणि हरणाएवढे उंच दोन स्पीकर त्याच्या गळ्यात मारले. वर शेपटीएवढी जाड वायर दिली. साध्या वायरीतून तंबोरा गढूळ येतो, असं तो म्हणाला. आता गढूळ तंबोरा कुणाला हवा असतो, तुम्हीच सांगा.

सगळं जोडून झालं तरी सदोबाला खात्री वाटेना. म्हणून त्याने वाघळेमास्तरांना बोलावलं. हे मास्तर म्हणजे वटवाघूळ. जे कुणालाच ऐकू येत नाही ते त्यांना ऐकू यायचं, त्यामुळे जंगलात त्यांचा शब्द अखेरचा मानत. मास्तर छताला उलटे लटकले. सदोबाने अनसूयेचं गाणं लावलं. अनसूया फुलांचं सूप घेऊन बसली.

"थांबवा," मास्तर म्हणाले. "वरच्या सुरांवर धूळ आहे. तुम्हाला ऐकू येतेय ना?"

"येतेय की," सदोबा म्हणाला. त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

शिवाय मास्तरांना स्पीकर उलटे दिसत होते. सदोबाने ते लगेच उलटे केले.

मग धुळीचा दोष ॲपवर आला आणि सदोबा दुसरी ॲपं धुंडाळायला लागला. पहिल्या ॲपने आधी आवडते गायक निवडायला लावले, आणि यादीत सगळे कोल्हेच होते. दुसऱ्यावर गाणं सापडलं, पण त्यात मधेच एक माकड इंग्रजीत ओरडत होतं. तिसरं म्हणालं, हे गाणं तुमच्या जंगलात उपलब्ध नाही. चौथ्यावर गाणं होतं, पण फाइल किती लहान आहे ते पाहून मास्तरांनी नाक मुरडलं. पाचव्यावर तेच गाणं भल्यामोठ्या फाइलमध्ये मिळालं. तेव्हापासून सदोबा रोज ते लावायचा, चाळीस सेकंद ऐकायचा, थांबवायचा, स्पीकर दोन बोटं सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचा.

"अहो, एकदा पुढे जाऊ द्या ना," अनसूया म्हणाली.

"अगं, आधी पहिलं कडवं नीट बसू दे. तिसरं कुठे पळून जातंय?"

पण ते पळूनच चाललं होतं. दोन महिन्यांनी अनसूया ते स्वतःशी गुणगुणायला गेली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. तिला भीती वाटली. आईचा आवाज आपण विसरणार, असं तिला वाटलं. नवऱ्याला सांगावं, तर तो सदानकदा स्पीकरमागे वाकलेला.

एके संध्याकाळी सदोबा आणखी जाड वायर घेऊन आला, तर गुहेत कुणी नव्हतं. शेजारच्या बिळातून मात्र गाणं ऐकू येत होतं. तिथे साळूमावशी नावाची साळिंदर राहायची. बोलणं टोचरं, पण मनाने चांगली. तिने आपला काच फुटलेला फोन रिकाम्या पातेल्यात उभा केला होता, आवाज मोठा यावा म्हणून. ॲप फुकटचं होतं. तिसरं कडवं नुकतंच सुरू झालं होतं आणि अनसूया डोळे मिटून बरोबरीने म्हणत होती.

सदोबाने काही बोलायला तोंड उघडलं.

"गाणं संपेपर्यंत गप्प बसा," अनसूया म्हणाली.

तो बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. त्याच्या अंगावर काटा आला, आणि तो मावशीचा नव्हता. त्याला सासूबाई आठवल्या. तो घळाघळा रडला. नवरा परत मिळाला असं वाटून अनसूयेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गाणं संपलं. सदोबाने डोळे पुसले, पातेलं उचललं आणि बुडावर टिचकी मारून कान लावला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हे पातेलं कुठल्या कंपनीचं?"

अनसूयेने हात काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती सूप घेऊन मावशीकडेच बसायला लागली. सदोबाच्या गुहेत आता सात पातेली आहेत. मास्तर येतात, छताला लटकतात, आणि त्यांना सातही पालथी दिसतात.

तात्पर्य : पातेलं घ्यायचं तर पितळेचं घ्यावं, कल्हई केलेलं. स्टीलच्या पातेल्यात पहिलं कडवं जरा टोचतं. तिसऱ्याची चाचणी अजून व्हायची आहे.