काशम्माच्या चित्रावरचं कापड

शंकरप्पांनी पेटलेली बिडी तोंडातून काढली आणि चित्राकडे बघत विचारलं, "हिचा पदर कुटं हाय?"

"कमरंला खोचलाय की, अण्णा," महादेवी म्हणाली. "बिड्या वळताना खोचावाच लागतो."

चित्र कोळशाचं होतं, महादेवीच्या आईचं. काशम्मा वीस वर्षं अशीच बसत आली होती. पाय पसरलेले, मांडीवर सूप, दंड आणि पोटऱ्या उघड्या, पोलकं घामाने ओलं. जन्मात तिचा साधा फोटो निघाला नव्हता. रविवारी प्रदर्शनात स्वतःला बघायला यायचं म्हणून तिने एक धुवट लुगडं बाजूला काढून ठेवलं होतं.

शंकरप्पा म्हणजे प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आणि साड्यांचे व्यापारी. त्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर तीन वर्षं झाली, एक बाई धबधब्याखाली भिजत उभी आहे. तिला आजवर कुणी पदराचं विचारलेलं नाही. डोकं फिरतं ते इथे.

"चार घरच्या बायका येणार हितं," शंकरप्पा म्हणाले. "पदर घे खांद्यावरनं."

हॉल मंडळाचा. महादेवीने दातओठ खात चित्रात खांद्यावर पदर रेखाटला. दुसऱ्या दिवशी शंकरप्पांना पोटऱ्या खुपल्या. तिने लुगडं घोट्यापर्यंत ओढलं. तिसऱ्या दिवशी ते दंडावर आले.

"हात झाकल्यावर ती वळणार कशानं?"

"त्ये तू बघ. चित्रकार तू हाईस."

"मग न्हाय झाकत. चित्रच घरी नेते."

पण पत्रिकेत पंचवीस चित्रं छापली होती, चोवीस लावून कसं चालेल? शेवटी शंकरप्पांनी दुकानातून वारभर जांभळं कापड आणलं आणि दोन खिळे ठोकून चित्रावर सोडलं. खाली चिठ्ठी तेवढी उघडी राहिली: 'बिडी वळणारी स्त्री'.

शनिवारी प्रदर्शन उघडलं. तळी, देवळं, सूर्यास्त अशी चोवीस चित्रं भिंतीवर ताटकळत राहिली. जो तो थेट कापडापाशी जायचा, इकडेतिकडे बघायचा आणि टोक उचलायचा. एकदा बघून गेलेले मेहुण्याला घेऊन परत आले. संध्याकाळपर्यंत रांग दारापर्यंत गेली. ढकलाढकली झाली तसे शंकरप्पा स्वतः खुर्ची टाकून बसले.

"एकेकानं उचला," ते ओरडत होते. "कापड फाडू नगा."

लाज झाकायला निघालेला माणूस आता लाज बघायची रांग लावत होता, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

रविवारी काशम्मा आली, धुवट लुगडं नेसून. रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा शंकरप्पांनी हात आडवा घातला. "तुमी नगा बघू, बाई. लाज वाटंल."

"कुणाला?" म्हणत तिने कापड उचललं. बराच वेळ बघितलं. पदर खांद्यावर आलेला तिला दिसला, घोट्यापर्यंत ओढलेलं लुगडंही दिसलं.

"ही मी हाय," ती म्हणाली. "पर मी अशी कवा बसले?"

"अव्वा, मला तसं काढायला लावलं," महादेवी म्हणाली.

काशम्मा शंकरप्पांकडे वळली. "दार उघडं टाकून बसतीया मी, अण्णा. गल्लीतल्या एका बाप्यानं वाकून बघितलं न्हाय कवा. तुमी कापड टाकलं, आन् माजा पदर उचलाया रांग लागली."

तिने हिसका देऊन कापड काढलं. महादेवीने खोडरबर घेतलं आणि सगळ्यांदेखत खांद्यावरचा पदर पुसायला लागली. रांगेतल्यांनी उघडं चित्र बघितलं. बिड्या वळणारी बाई, घरोघरी दिसते तशी. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला.

 शंकरप्पांनी खिशातून बिडी काढून ओठात धरली आणि काडीपेटी चाचपू लागले.

"गुलाबी दोरा," काशम्मा बिडीकडे बघत म्हणाली. "आमच्याच कारखान्याची. ह्याच मांडीवर सूप घिऊन वळलीया."

शंकरप्पांचा हात थांबला. बिडी पेटवावी का टाकावी, त्यांना कळेना.

काशम्माने जांभळं कापड नीट घडी घालून त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या," ती बिडीकडे बोट दाखवत म्हणाली. "झाका तिला."