गुडघा आणि वीज

मुलगा स्टुलावरून पडला तो माझ्यामुळे नाही, हे आधीच सांगून टाकते. तो स्वयंपाकघरातला दिवा बदलत होता आणि मी खाली उभी राहून नुसतं सांगत होते, "डावीकडे सरक. अजून डावीकडे." स्टूल संपलं की माणसाने थांबायचं असतं, हेही आईनेच सांगायचं का? पडला. पाय मोडला. प्लास्टर गुडघ्यापर्यंत.

एरवी एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण त्याच आठवड्यात तो आणि सून वादळामागे जाणार होते. म्हणजे वादळ यांच्या मागे नव्हे, हे वादळाच्या मागे. शहाणी माणसं वादळ आलं की खिडक्या लावून घेतात. ही मंडळी गाडीत बसून वादळ शोधत हिंडतात आणि सापडलं की त्याचे फोटो काढतात. बरोबर वाट दाखवायला एक माहीतगार असतो. चार दिवसांची सहल, जागा आधीच राखून ठेवलेल्या.

सुनेला मात्र हौस म्हणून जायचं नव्हतं. ती फोटो स्टुडिओत कामाला. दिवसभर ओळखपत्रांचे फोटो. "हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका." संध्याकाळी घरी आली तरी तोंडातून तेच. एकदा झोपेत मला म्हणाली, "हसू नका." मी तशीही हसत नव्हते. तर एका विमा कंपनीला नव्या कॅलेंडरसाठी वादळाचा फोटो हवा होता. ज्याचा निवडतील त्याला वर्षभर बाहेरचं काम. त्या अंधाऱ्या खोलीतून सुटायची तिची ही एकच वाट होती, आणि महिनाअखेर फोटो द्यायचा होता.

"मी एकटी जाते," सून म्हणाली.

"एकटी कशाला? मी येते की," मी म्हणाले.

सून भरत असलेली पिशवी तशीच सोडून मुलाकडे बघायला लागली.

"आई," मुलगा प्लास्टरकडे बघत म्हणाला, "तिथं वादळ असतं. खरंखुरं."

"तुझ्या वडिलांशी संसार केलाय मी. वादळाचं कौतुक मला नको सांगूस."

सुनेची सोबत म्हणून निघाले, असं मी सगळ्यांना सांगितलं. पोटातलं कारण वेगळं होतं. माझ्या धाकट्या जावेने बर्फाच्या डोंगरापुढे उभं राहून फोटो काढून घेतलाय आणि दाराएवढा करून दिवाणखान्यात लावलाय. चहा प्यायला गेलं की तोंड त्याच्याकडेच करून बसावं लागतं, खुर्च्याच तशा मांडल्यात. माझा म्हणावा असा एकच फोटो, तो ओळखपत्रावरचा. त्यात मी नुकतीच पकडली गेल्यासारखी दिसते. मला वाटलं, हिचा डोंगर काय, जागचा हलत नाही, कुणीही जाऊन उभं राहावं. आपण मागे वीज घेऊन उभं राहावं! बघतेच मग खुर्च्या कशा फिरत नाहीत ते.

गाडीत पहिल्याच दिवशी माहीतगाराने मला हात दिला. "या आजी, सावकाश."

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुझं माझं अजून काही ठरलेलं नाही."

"बरं, काकू," तो म्हणाला. पोरगा समजूतदार होता. मी त्याचं नाव वादळमास्तर ठेवलं. त्याच्याकडे एक पडदा होता, त्यावर ढग हिरवे-पिवळे-लाल दिसायचे. त्याने आम्हाला तीन नियम सांगितले. वीज चमकायला लागली की काम नसलेल्यांनी गाडीत बसायचं. कॅमेऱ्यांपुढून कुणी जायचं नाही. आणि छत्री उघडायची नाही, कारण छत्रीला लोखंडी टोक असतं.

मी तिन्ही नियम नीट ऐकले. पुढे मोडताना मी एकही विसरले नव्हते, असं म्हणायला हरकत नाही.

आमच्याबरोबर एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा कॅमेरा तोफेसारखा लांब, आणि तो ठेवायची लोखंडी तिपाई त्याहून लांब. ते कुणाशीही बोलताना आधी त्याचे दात बघायचे. माझे बघून म्हणाले, "वा, सगळे स्वतःचे?"

"जीभसुद्धा," मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी सुनेकडे एकदा दयेने पाहिलं.

पहिले दोन दिवस आभाळ धुतलेल्या पाटीसारखं. मास्तर पडद्यावर बोट फिरवून म्हणायचा, "पुढे आहे, पुढे आहे." आम्ही पुढे जायचो, वादळ त्याच्याही पुढे. दातवाले कुरकुरू लागले. सुनेची नखं कुरतडून संपत आली होती.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझा गुडघा ठणकायला लागला.

आता हा गुडघा साधासुधा नाही. आमच्या घरात वाळवणं आणि प्रवास त्याला विचारल्याशिवाय होत नाहीत. उजवा गुडघा, आणि कळ बाहेरच्या अंगाने. मी सरळ जाहीर केलं, "वादळ उजवीकडे आहे."

"काकू, पडदा डावीकडे दाखवतोय," मास्तर म्हणाला.

"तुझ्या पडद्याला कधी कळ आलीय का?"

दातवाले उठून उभे राहिले. "दोन दिवस यंत्राचं ऐकलं. आता गुडघ्याचं ऐकून बघू! अनुभव म्हणून काही असतं की नाही?"

मला एवढा मान आजवर माझ्या घरातही मिळाला नव्हता. मास्तर नको नको म्हणत होता, पण गाडी उजवीकडे वळली. मी पुढच्या सीटवर. फाटा आला की चालक आधी माझ्या गुडघ्याकडे बघायचा. मी डोळे मिटून हात करायचे, उजवीकडे. कधी कधी कळ नसली तरी करायचे, कारण सगळे वाट बघत होते आणि नुसतं बसून राहणं बरं दिसत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही एका मोकळ्या माळावर पोचलो. डोक्यावर एक ढग होता, तोही बहुधा वाट चुकलेला. आणि पार मागे, डावीकडे, जिथून आलो तिथे, अख्खं आभाळ पेटलं होतं. विजा अशा पडत होत्या की मोजता येऊ नयेत. इथून त्या काडेपेटीच्या काड्यांएवढ्या दिसत होत्या.

तेवढ्यात दातवाले माझ्या सीटखाली वाकले. "अरेच्चा! माझी तिपाई इथे आहे होय?" त्यांनी ती ओढली. तिचा पाय सीटच्या फटीतून वर येऊन सकाळपासून माझ्या गुडघ्यात रुतून बसला होता. तिपाई निघाली आणि त्याच क्षणी, बटण बंद केल्यासारखं, कळ थांबली.

थांबली नाही असं मी म्हणू शकले असते. पण तोंडातून "हुश्श" निघून गेलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

सून काही बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. ती बोललीच नाही. तिने कॅमेरा पुसला, पिशवीत ठेवला आणि मला पांघरायला शाल दिली. त्या शालीने मला जेवढं टोचलं तेवढं त्या तिपाईने टोचलं नव्हतं.

चौथा दिवस, शेवटचा. तिपाई पार मागच्या डिकीत. आणि दुपारी गुडघा पुन्हा ठणकायला लागला. मी सीटखाली हात घालून बघितलं, काही नव्हतं. सांगावंसं वाटलं, ओठापर्यंत आलं. पण एकदा हात दाखवून अवलक्षण झालं होतं. मी पदरचे चार दाणे तोंडात टाकले आणि गप्प बसले. मुलाला हे नंतर सांगितलं तर त्याने विश्वास ठेवला नाही.

मास्तरचा पडदाही लालेलाल झाला होता. दिवस कलता कलता त्याने गाडी ट्रक तोलायच्या एका बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी थांबवली. पुढे सगळी उघडी जमीन, आणि तिच्यावर काळंनिळं आभाळ असं उतरत होतं, जशी कुणी जड गादी जिन्यावरून खाली आणावी.

"लवकर! पाऊस इथवर पोचायच्या आत जेवढं मिळेल तेवढं!" मास्तर ओरडला. "काकू, तुम्ही गाडीत."

सगळ्यांनी तिपाया लावल्या. सुनेने मला आधी समजावलं होतं, वीज काही सांगून पडत नाही, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा आणि हात न लावता थांबायचं. त्या वेळात जे जे चमकेल ते ते एकाच फोटोत येतं.

मी गाडीत बसले होते. शपथेवर सांगते, बसले होते. पण काचेवर पहिला थेंब पडला आणि बघते तर सुनेच्या कॅमेऱ्यावर नुसतं एक प्लास्टिक, तेही वाऱ्याने उडालेलं. काल माझ्यामुळे तिचं वादळ गेलं, आज कॅमेरा भिजून गेला तर? मी छत्री घेतली आणि उतरले. आणि खरं ते सांगते, उतरता उतरता अंबाडाही नीट केला. म्हटलं, वीज मागे आहेच, जाता जाता एक माझाही निघाला तर निघाला.

मी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूने गेले, कारण तो रस्ता जवळचा होता.

"काकूऽ! पुढून बाजूला!" मास्तर.

"डावीकडे व्हा!" दातवाले.

मी डावीकडे झाले. लख्ख वीज पडली.

"आई, तिकडे नको, उजवीकडे!" सून.

मी उजवीकडे धावले. दुसरी वीज, तिच्याहून मोठी.

"अहो, आता माझ्यात आलात! अजून डावीकडे!" दातवाले किंचाळले.

"एक काय ते ठरवा!" मी बोट रोखून त्यांच्यावर ओरडले. "माणूस आहे की स्टुलावरचा पोरगा!"

तिसरी वीज पडली ती अशी, की माझ्या पायाखालचा वजनकाटा वाजला. लगेच पाऊस कोसळला. कॅमेरे, तिपाया, माणसं, सगळं गाडीत कोंबलं गेलं. मास्तरने माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि स्वतः मिटली. तो थरथरत होता. मला वाटतं, विजेमुळे.

गाडीत सगळे आपापलं काय आलं ते बघू लागले. दातवाल्यांच्या तोफेत फक्त माझी छत्री आली होती, तीही अर्धी. सुनेने आपला कॅमेरा बघितला आणि बघतच राहिली. चालकाने मागे वाकून पाहिलं.

"एकाच तिकिटावर तिघी?" तो म्हणाला.

एका फोटोत तीन विजा होत्या. आभाळ फोडून थेट जमिनीपर्यंत आलेल्या, झाडाच्या मुळ्यांसारख्या. असा फोटो म्हणे दहा सहलींत मिळत नाही. आणि प्रत्येक विजेपुढे एकेक मी. डावीकडे छत्री उगारलेली, उजवीकडे अंबाडा सुटून धावणारी, आणि मध्ये बोट रोखलेली. तिन्ही काळ्या सावल्या, पण ओळखू न येण्याची सोय नव्हती.

"पुसून टाक मला," मी हळूच म्हणाले. "करता येतं ना तसं काही?"

"तुम्हाला पुसलं तर विजाही जातील, आई." तिने तोंड खिडकीकडे केलं. "हा एकच निघाला."

घरी आलो. मुलाने प्लास्टर सावरत फोटो बघितला, आधी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, आणि जे हसू आलं होतं ते गिळलं. एका वेळी एकच पाय मोडलेला बरा, एवढं त्याला कळतं.

महिनाअखेर आली. सून म्हणाली, "नाही पाठवत. हसतील."

"हसू देत. दिवसभर 'हसू नका' म्हणतेस, आता कुणी हसलं तर बिघडलं कुठे? पाठव. नाहीतर मी स्वतः घेऊन जाते."

मी स्वतः जाईन या धाकाने तिने त्याच क्षणी पाठवला.

पंधरवडा गेला. मग एका दुपारी विमा कंपनीचा माणूस घरीच आला. सुनेसमोर कागद ठेवले, वर्षभराच्या कामाचे. ती कागद वाचायला लागली, तेव्हा मीच विचारलं, "एवढे फोटो आले असतील, हाच का?"

"अहो, ढीग आला होता वादळांचा. सगळी एकाहून एक सुंदर," तो म्हणाला. "पण सुंदर वादळाला घाबरून विमा कोण काढणार? हा फोटो बघितला आणि आमच्या साहेबांनी स्वतःची पॉलिसी वाढवून घेतली." मग त्याचं माझ्या अंबाड्याकडे लक्ष गेलं आणि तो जरा मागे सरकला.

सुनेने स्टुडिओला रामराम ठोकला. शेवटच्या दिवशी मालकाचा फोटो काढताना म्हणाली म्हणे, "हवं तेवढं हसा."

कॅलेंडर छापून आलं. मी हौसेने लावायला घेतलं, मुलाला स्टुलावर चढू दिलं नाही. तेवढ्यात धाकट्या जावेचा फोन. तिच्या नवऱ्याचा विमा त्याच कंपनीत, म्हणजे कॅलेंडर तिच्याकडेही गेलेलं.

"ताई, बघितलं हो. आमच्या ह्यांनी दिवाणखान्यातच लावलंय, डोंगराच्या शेजारी." आवाज गोड होता. तो गोड झाला की मी सावध होते. "मी बाई माझ्या फोटोत एकटीच. तुम्ही तिघी! पण खाली काय छापलंय ते वाचलंत का?"

मी वाचलं नव्हतं. माझी अक्षरओळख चौथीतली, छापील ओळीला वेळ लागतो. चष्मा लावला आणि तिन्ही सावल्यांच्या पायाशी छापलेली ओळ बोट ठेवून, एकेक शब्द जोडून वाचली.

संकट सांगून येत नाही.

"ऐकताय ना, ताई?" पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला.

"ऐकतेय," मी गुडघा चोळत म्हणाले. "साफ खोटं छापलंय. मला दुपारीच सांगून आलं होतं. मीच आयुष्यात एकदा गप्प बसले."