सासऱ्यांचा पाऊस

हवामान केंद्रातल्या रडारवाल्याचा शब्द त्याच्या घरात आधीच कुणी मनावर घेत नसे, त्यात सासरे मुक्कामाला आले. लागोपाठ तीन दुपारी त्याने ऑफिसातून फोन केला, "आपल्याकडे पाऊस येतोय, गच्चीवरचे कपडे काढा!" तिन्ही दिवस कडकडीत ऊन पडलं.

"जावईबापू, तुमचा पाऊस वाट चुकला वाटतं," सासरे म्हणाले. बायको हसली, ते त्याला जास्त झोंबलं.

पडद्यावर मात्र केंद्रापासून थेट त्याच्या घराच्या दिशेने पावसाचा सरळ पट्टा दिसत होता. चौथ्या दिवशी लहरी मोजायचं यंत्र स्कूटरवर घेऊन तो माग काढत निघाला आणि स्वतःच्याच गच्चीवर पोचला. पाण्याच्या टाकीवर चार शिंगांचा नवाकोरा वायफायचा डबा बसला होता.

"हा कुणी लावला?"

"मी!" सासरे खुशीत म्हणाले. "लेकीला भेट. दुपारी मॅच काय झकास दिसते!"

"बाबा, रडार लहरी सोडतं आणि थेंबांवर आपटून परत येणाऱ्या लहरी टिपतं. तुमचा डबा नेमक्या त्याच लहरींवर बडबडतोय. रडारला वाटतं, पाऊसच आला."

"म्हणजे मी पाऊस पाडत होतो?" सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. रडारवाल्याला अगदी कसंतरी झालं.

"मॅचेस संपेपर्यंत राहू द्या. मी घेईन सांभाळून."

दुसऱ्या दिवशी दुपारी सहकाऱ्याने हाक मारली, "अहो, तुमच्या घरावर पाऊस दिसतोय."

"पाऊस नाही, आमचे सासरे आहेत."

"आज चांगलाच पसरलाय."

"मॅच रंगली असेल," असं म्हणून त्याने घरी फोन लावला, "आज एक थेंब पडणार नाही. खुशाल गाद्या वाळत घाला."

संध्याकाळी तो घरी आला, तर जिन्यात गाद्या ठिबकत होत्या आणि सासरे टॉवेलने डोकं पुसत होते.

"बाबा, डबा चालू होता ना?"

"छे! तुमच्या नोकरीला त्रास नको, म्हणून सकाळीच काढून ठेवला."

"अहो, मग पाऊस आल्यावर गाद्या तरी काढायच्या!"

"मी धावले होते," बायको म्हणाली, "पण बाबा जिन्यात वाट अडवून उभे राहिले. म्हणाले, जावई नाही म्हणालेत ना, मग हा पाऊस नाही."